खिरापतीचा डबा वाजला नाही

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जुना म्हटल्यावर कुणाला नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो, मागून चालणार नाही. माझ्या अंगावर तीन पोचे आहेत. झाकण एका बाजूनं चढतं आणि दुसऱ्या बाजूनं रुसतं. पण सबंध भातकुली तालुक्यात माझ्याइतका हिंडलेला डबा दाखवा, मी आजच्या आज भंगारात जातो.

माझा जन्म परतवाड्याचा. तिथं बाजारात एक कारागीर तेलाचे रिकामे पिपे कापून डबे करायचा. माझ्या पोटात त्या तेलाच्या छापाची दोन अक्षरं अजून उलटी दिसतात. वच्छलाबाई गावंडे बाजाराला आली होती. तिनं चार डबे उचलून बोटानं टकटक वाजवले आणि मला पाहून म्हणाली, "हा चांगला वाजते. हाच द्या." नव्या चकचकीत डब्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती!

वाजणारा डबा तिला भुलाबाईसाठी हवा होता. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत. पण ती सुखासुखी थोडीच मिळते! झाकलेला डबा खळखळ हलवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. शेंगदाणे खडखडतात, मुरमुरे सुळसुळतात, लाडू गडगडतो. वच्छलाबाईची लेक शालू मला हलवायची आणि तिचा धाकटा भाऊ विपुल पोरींच्या घोळक्यात घुसून सगळ्यांच्या आधी ओरडायचा, "फुटाणे!" पोरी त्याला बदडायला धावायच्या. एकदा शालूनं त्याची जिरवायची म्हणून माझ्यात काठोकाठ शिरा दाबून भरला. हलवला, आवाज नाही. साऱ्या पोरी गप्प. विपुलनं मला दोन्ही हातांवर तोललं आणि म्हणाला, "शिरा हाय. वाजत नाही, पण जड हाय."

तोच विपुल पुढं भातकुलीच्या रस्त्यावर पहाटे धावू लागला आणि फौजेत भरती झाला. त्याच्या पहिल्या दिवाळीला वच्छलाबाईनं माझ्यात करंज्या भरल्या, मला पांढऱ्या कापडात शिवलं आणि वर पत्ता घातला. त्या पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसते आकडे. मी पोचलो बर्फात! तिथंही विपुलनं मला आधी उघडलं नाही. साऱ्या जवानांना गोल बसवलं, हलवलं आणि विचारलं, "बोलो, क्या है?" पंजाबी हवालदारापासून मणिपूरच्या पोरापर्यंत सारे कान टवकारून बसले. तेव्हापासून दर दिवाळीला मी जातो आणि सुट्टीत त्याच्या ट्रंकेतून परत येतो. सात वर्षं झाली. तिथले लोक दिवाळीची तारीख विचारत नाहीत, डबा कधी येतो ते विचारतात. मला गर्व आहे का? आहे. का नसावा?

आता यंदाचं सांगतो. यंदाही विपुलला दिवाळीची सुट्टी नव्हती. इकडं त्याचे वडील किसनराव बांधावरून घसरले आणि पाय प्लास्टरात गेला. वच्छलाबाईचे गुडघे धरलेले. विपुलची चार वर्षांची लेक खुशी अंगाखांद्यावर. राहिली एकटी विपुलची बायको, प्राजक्ता. वावरात सोयाबीन वाळून उभं. ऑक्टोबरचं ऊन असं की शेंगा उभ्या झाडावर तडकत होत्या आणि दाणे मातीत जात होते. गावात सगळ्यांची सोंगणी-कापणी एकाच वेळी निघालेली, मजूर मिळेना. प्राजक्ता उजाडता विळा घेऊन जायची, दिवे लागता परत यायची. मी फळीवरून पाहत होतो. कणिक मळता मळता तिचा डोळा लागायचा. करंज्यांचा रवा पुडीतच होता.

अशात भगवंतभाऊ दारात आले. गावातल्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस मनानं वाईट नाही, पण फोटोचा नाद भारी.

"वयनी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर कार्यक्रम हाय. 'सैनिक परिवार कृतज्ञता सोहळा'. तुमचा सत्कार. फराळाचा डबा घेऊन या, स्टेजवर फोटो काढू. अन् आमची गाडी लगेच अमरावतीले पार्सल घेऊन जाईन. त्या दिवशी गेलं तरच दिवाळीले पोचते."

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "हा पिपा नका आणू पण. मी मस्त छापील खोका देतो."

"डबा हाच जाईन, भाऊ," प्राजक्ता म्हणाली. एवढंच. मला वाटलं, उडी मारून तिच्या गळ्यात पडावं.

पण भरणार कधी? त्या सकाळी मी तसाच मोकळा होतो. प्राजक्तानं मला पदरानं पुसलं, झाकण दाबून बसवलं आणि काखेत घेतलं. वच्छलाबाई घाबरली. आमच्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात.

"पोरी, खाली डबा घेऊन चालली? चार लोकाईत? लोकं काय म्हणतीन वो?"

"म्हणू द्या, आई. काय म्हणते तेच पाहाचं हाय मले."

शाळेसमोर मांडव होता. फलकावर विपुलचा फोटो होता आणि भगवंतभाऊंचा त्याच्या दुप्पट. भाषणं झाली. शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. प्राजक्ता उभी होती तशी उभी. शेवटी भगवंतभाऊंनी माईक पुढं केला, "वयनी, दोन शब्द."

तिनं मला माईकजवळ धरलं आणि जोरात हलवलं. एकदा. दोनदा.

"ओळखा, काय हाय याच्यात?"

बायका हसल्या. सगळ्या भुलाबाईच्या मैत्रिणी, हा खेळ त्यांच्या रक्तातला. एक म्हणाली चिवडा, एक म्हणाली करंज्या. माणिकबाई नावाची म्हातारी म्हणाली, "अवो, वाजून नाही राहिला. शिरा असन."

प्राजक्तानं झाकण काढलं आणि मला उलटं धरलं. माझ्यातून काहीही पडलं नाही. मित्रांनो, भर सभेत असं उलटं टांगल्यावर डब्याला लाज वाटावी. मला नाही वाटली! मी ताठ होतो.

"खाली हाय," ती म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "पंधरा दिवसांपासून एकटी सोयाबीन सोंगून राहिली मी. निम्मं मातीत गेलं. एवढ्या दिवसात वावरात कोणी आलं? तिकडं माणूस बर्फात उभा हाय अन् फोनवर विचारते, सोंगणी झाली काय? मी खोटं सांगतो, झाली म्हणून. तुमाले आमचे आभार मानाचे हायत ना? मंग ही शाल घ्या वापस. मले विळे पायजेत."

शाल तिनं खुर्चीवर ठेवली. भगवंतभाऊ लालबुंद झाले. मला वाटलं, आता जुंपणार. पण ते फलकावरच्या विपुलच्या फोटोकडं पाहत राहिले आणि एकदम माईकवर ओरडले, "अरे बसले काय! ज्याच्या घरी विळा हाय त्यानं वयनीच्या वावरात यावं! गाडी संध्याकाळी जाईन!"

आणि गाव उठलं हो! माणसं वावरात गेली. मंडळाचे अध्यक्ष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत ओणवे होऊन सोयाबीन सोंगत होते, आणि त्याचा फोटो कुणीच काढला नाही. इकडं माणिकबाई सात-आठ जणींना घेऊन चुलीशी बसली. शालू नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कामाला असते, ती अर्धी सुट्टी टाकून आली. कुणाच्या शेवा, कुणाच्या चकल्या, करंज्या तर विचारूच नका. माझं झाकण बसेना म्हणून सुतळीनं करकचून बांधलं. झाकण लावण्याआधी किसनरावांनी खाटेवरून हात लांबवून एक लहानशी पुरचुंडी माझ्यात खोचली होती. संध्याकाळी मी कापडात शिवलेला अमरावतीच्या वाटेवर होतो.

धनतेरसेला मी बर्फात पोचलो. सारे गोल बसले. विपुलनं हलवलं, आवाज नाही.

"खाली है क्या, गावंडे?" हवालदारानं विचारलं.

विपुलनं मला दोन्ही हातांवर तोललं. "खाली नहीं, साहब. बजता नहीं, पर भारी है."

झाकण निघताच हातावर हात पडले. पुरचुंडी विपुलच्या हाती लागली. तिच्यात मूठभर नवं सोयाबीन होतं. त्यानं एक दाणा दाताखाली फोडला आणि त्याचे डोळे भरले. बाकीची पुरचुंडी त्यानं वर्दीच्या वरच्या खिशात ठेवली, बटण लावलं आणि मग करंजी घेतली.

सध्या मी त्याच्या खाटेखाली आहे. पोचे चार झाले, प्रवासात एक वाढला. खुशाल हसा. पण मित्रांनो, दिवाळीत तुमच्या गावातही एखाद्या जवानाच्या घरी असा डबा फळीवर असेल. त्या घरी हार-नारळ घेऊन जाणार असाल तर जरूर जा. फक्त टाळ्या वाजवायच्या आधी तो डबा हातांवर तोलून बघा, रिकामा तर नाही ना.