वळण लावणारा वस्तरा

रोज सकाळी आमच्या बेसिनमध्ये नवऱ्याची दाढी पडलेली असते. सुकलेल्या फेसात काळेपांढरे खुंट, नळाला चिकटलेले, माझ्या टूथब्रशच्या दांड्यावरसुद्धा. शी! किती तोंडाची वाफ दवडली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला वाढदिवसाला वस्तरा दे. त्याचं पातं सारखं पुसावंच लागतं. आपोआप वळण लागेल."

मला पटलं. दुकानात मी एकेक वस्तरा उघडून पाहिला. एकाच्या मुठीच्या खाचेत कुणाचा तरी केस अडकला होता. "दाखवायचा पीस आहे, ताई," असं म्हणत दुकानदाराने तो केस फुंकला, तो नेमका माझ्या पर्सवर! तरी नाक मुरडत मी पांढऱ्या मुठीचा एक नवाकोरा वस्तरा निवडलाच.

नवरा हरखला. "काय धार आहे गं!" म्हणाला, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन त्याच वस्तऱ्याने टाचेची मेलेली कातडी सोलत बसला. सालपटं उशीवर. दाढी मात्र जुन्याच रेझरने, त्याच बेसिनमध्ये.

दुसऱ्या दिवशी स्वारीने कधी नव्हे तो माझ्यासाठी लिंबाचा चहा केला. अर्धा कप पोटात गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

"आपली सुरी तर बोथट आहे. लिंबाच्या इतक्या पातळ चकत्या कशाने कापल्यास?"

"तूच तर आणलास ना," तो लाडात येऊन म्हणाला.