डावं मडगार्ड

क्लचचं पेडल चिमट्यातून निसटलं आणि टेबलाच्या कडेशी जाऊन थांबलं... तांदळाच्या दाण्याएवढा पत्रा, त्यावर सुईने ओढलेल्या रेघा, आणि त्याही त्याने सकाळी पॉलिश पेपरने अर्ध्या पुसलेल्या, कारण खऱ्या ट्रॅक्टरवर त्या अशाच झिजल्या होत्या – त्याच्या पायाने. दुसऱ्या कुणाच्या नाही.

दुकानात मिळतं ते खेळणं. ते आधी सोलायचं – चकचकीत रंग, प्लॅस्टिकची सीट, नको ते स्टिकर – आणि मग तांब्याच्या तारेची डिझेलची नळी, डब्याच्या पत्र्याची सीट, असं करत लोकांचे जुने ट्रॅक्टर त्यांना सोळा पट लहान करून द्यायचे, यावर त्याचं घर चालत होतं. लोकांचे ठीक. हा घरचा होता.

पुतणी फोटो घेऊन आली होती. "काका, बाबांच्या साठीला द्यायचाय. बाबांचा ट्रॅक्टर. आणि सीटवर बाबाच हवेत हं."

बाबांचा ट्रॅक्टर... वाटणीच्या वेळी दादा म्हणाला, शेत मी बघणार तर ट्रॅक्टरही माझ्याकडेच हवा, आणि याने शहाण्यासारखी मान डोलावली. याला या दोन खोल्या मिळाल्या. पुढे दादाने ट्रॅक्टर भंगारात घातला. विचारलंसुद्धा नाही. शाळा सुटल्यापासून त्या सीटवर मी बसलो, उन्हात मी करपलो, कंबर माझी कामातून गेली – आणि टाळ्या वाजणार त्याच्यासाठी.

नाही म्हणता आलं असतं. पण त्याने सीटवर दादा बसवला, अगदी पोटाच्या घेरासकट, आणि झीज मात्र सगळी स्वतःची दिली. स्टिअरिंगवर त्याचा डावा हात टेकायचा तिथला रंग उडवला. ब्रेकच्या पेडलची बाहेरची कड खाल्ली, कारण त्याचा पाय तिरका पडतो. दादा हा ट्रॅक्टर काचेच्या कपाटात ठेवून मिरवेल, आणि तो असेल माझा. या विचाराने त्याला आठवडाभर छान झोप लागत होती.

बायको चहा ठेवायला आली. "किती घासताय? चांगल्या वस्तूची पार रया घालवलीत."

"तुला नाही कळायचं."

"मला कळतं. म्हणून तर म्हणते, पुरे करा."

डाव्या मडगार्डवरचा दिवा तेवढा राहिला होता. त्याची वायर कुठून आत जाते ते बघायला त्याने फोटोवर भिंग धरलं, आणि वायरीच्या आधी दिसला तो पत्रा. दिव्याशेजारी, बूड टेकेल एवढ्या जागेत, रंग साफ गेलेला. हे एका दिवसाचं काम नव्हे. रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत कुणी तिथे बसलं, तर...

एका वर्षी त्याचा स्वतःचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. ट्रॅक्टर मीच चालवणार म्हणून तो हटून बसला होता, जेवत नव्हता, वडील ऐकत नव्हते. मग दादा मुकाट्याने मडगार्डवर चढला, पाय क्लचवर सोडला आणि म्हणाला, "तू नुसतं दाब म्हण." तो म्हणायचा, दाब. दादा दाबायचा. सोड म्हटलं की सोडायचा, इतका हळू की हिसका बसायचा नाही. नांगरणी अशी झाली, पेरणीही. दादाच्या मांडीची सालटं निघाली होती, आणि तो त्यावर तेल चोळत हसत होता.

त्याला भरून वगैरे आलं नाही. राग आला. शेत घेतलंस, ट्रॅक्टर घेतलास, मोडून खाल्लास. हा राग तेवढा संपूर्ण माझा होता, त्यातही आता तुला हिस्सा हवा?

संध्याकाळी पुतणी येणार होती. मडगार्ड लालभडक, कोरं. घासलं तर दादा ओळखेल, तो एकटाच ओळखेल, आणि भर समारंभात गळ्यात पडेल – ते नको होतं. न घासलं तर काम खोटं, आणि खोटं काम त्याच्या हातून आजवर बाहेर गेलं नव्हतं. सीटवरचा इवलासा दादा समोर बघत होता. त्याचा डावा पाय अधांतरी होता, कारण पेडल अजून बसवायचं होतं.

त्याने पॉलिश पेपरचा तुकडा मडगार्डवर टेकवला. बोट हलेना.

"दाब," त्याच्या तोंडून निघालं, आणि तो तसाच वाट बघत राहिला.