मानाची शिडी

"दोन्ही कामं करती गाडी, आबासाहेब. पर एकदम न्हाई करत," लिंबाजी म्हणाला आणि हातातली टोपी त्याने पुन्हा डोक्यावर घातली. म्हणजे त्याच्यापुरतं बोलणं संपलं.

नगराध्यक्ष आबासाहेब नव्या लाल अग्निशामक गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते, वरबापाने वरातीच्या घोड्यावर ठेवावा तसा.

"एकदम म्हंजे?"

"पाणी चालू असलं की शिडी झोपती. शिडी उठली की पाणी बंद. इंजान एकच हाय. ह्यो दांडा म्होरं ढकलला की जोर पंपाला, मागं वढला की शिडीला. मधी आडकला तर दोगंबी उपाशी."

"कंपनीच्या इंजिनियरला कळना, अन् तुला कळायलंय व्हय?"

"इंजिनियर जळत्या माडीवर चढल्याला न्हाई, साहेब."

ड्रायव्हर बन्सीधर फिस्सकन हसला. तिथेच लिंबाजीचा निकाल लागला. आबासाहेबांना कुणी उलटून बोललेलं एखाद वेळी चालायचं. त्यावर तिसरा हसलेला चालत नसे.

आमच्या नगरपालिकेचं नाव मी सांगत नाही. परभणी जिल्ह्यात अशा नगरपालिका मोजक्या आहेत आणि प्रत्येकीला वाटेल की शेजारच्या गावाचीच गोष्ट आहे, तेवढं बरं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. तोवर आग विझवायला आमच्याकडे दोन वस्तू होत्या आणि त्यांची दोन माणसं. एक निजामाच्या अमदानीतला बंब, तो नागनाथचा. त्याची घंटा वाजली की पार पेडगावच्या म्हशी दूध चोरायच्या. दुसरी पस्तीस फुटी सागवानी शिडी, बैलगाडीच्या चाकांवर बसवलेली. ती पालमहून आलेल्या लिंबाजीची. अडतीतले चार हमाल ती ओढत न्यायचे आणि लिंबाजी वर चढायचा. चढताना पायाचा आवाज नाही. एकदा उतरणारं मांजर त्याला वाट देऊन बाजूला थांबलेलं मी पाहिलंय. माझ्या गोष्टींत निम्मं खोटं असतं हे गावाला ठाऊक आहे. या गोष्टीत मी फक्त मांजर आणि म्हशी घातल्यात.

नागनाथ आणि लिंबाजीचं वीस वर्षं एकच भांडण चालायचं.

"पाणी न्हाई तर तुजी शिडी म्हंजे सरणाचं लाकूड," नागनाथ म्हणायचा.

"अन् शिडी न्हाई तर तुजं पाणी म्हंजे मेल्यावरची आंगूळ," लिंबाजी म्हणायचा.

मग एकाच्या बिडीवर दुसरा आपली बिडी पेटवायचा. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं: आगीत एकाने एकच काम करावं. पाणी मारणाऱ्याने वर बघू नये आणि चढणाऱ्याने खाली.

नवी गाडी सगळंच करणार होती. पाणी मारणार, शिडी लावणार, उन्हाळ्यात वस्त्यांना प्यायचं पाणीसुद्धा देणार. आबासाहेबांनी तिचं नाव 'सर्वसेवा' ठेवलं. बंब भंगारात गेला. लिंबाजीच्या शिडीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ती चाकांसकट मंत्रीसाहेबांच्या स्वागतकमानीला आडवी बांधली. तिच्यावर आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा आणि मंत्र्यांच्या नावाचं कापड.

"मानाची जागा दिलीय तुझ्या शिडीला," आबासाहेब म्हणाले. "आता तुलाबी देतो. परवा मंत्र्यांसमोर आपण माणूस वाचवून दाखवायलोय. आगीत आडकल्याला माणूस तू. तुजा इस्वास न्हाई ना गाडीवर? मग तुलाच उतरवंल ती."

नाही म्हणण्याची सोय नव्हती. लिंबाजीला अजून चार वर्षं नोकरी काढायची होती. त्याने एवढंच विचारलं, "जाळ केवढा करनार?"

"दोन पेंढ्या पऱ्हाट्या. धुरापुरता."

घरी बायकोला, चतुराबाईला, त्याने दांड्याचं काही सांगितलं नाही. नवऱ्याला मंत्र्यांसमोर काम मिळालं म्हणून तिने गल्लीभर गूळ वाटला.

शाळेच्या मैदानावर बांबू आणि गोणपाटाची तीस फुटी माडी उभी केली होती. बोरीपासून लोक एस्टीने आले होते. सकाळी आबासाहेबांच्या पुतण्याला वाटलं, दोन पेंढ्यांचा जाळ स्टेजवरून दिसायचा नाही. त्याने दोन गाड्या पऱ्हाट्या माडीच्या पोटात भरल्या. कापसाची वाळलेली पऱ्हाटी कशी पेटते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लिंबाजी तेव्हा वर पोचला होता.

काडी लागली. बन्सीधरने दांडा पुढे ढकलला आणि पाण्याची अशी धार निघाली की मंत्रीसाहेब खुर्चीत सरसावून बसले. जाळ खाली बसला. टाळ्या पडल्या.

"आता शिडी!" आबासाहेब माइकवरून ओरडले.

बन्सीधरने दांडा मागे ओढला. धार मेली. लोखंडी शिडी कुरकुरत उठू लागली आणि तिच्याबरोबर जाळही उठला. लिंबाजीपासून शिडी चार हातांवर आली तेव्हा जाळ तिच्या शेंड्याला चाटत होता.

"पाणी! आरं पाणी!" आबासाहेब.

बन्सीधरने दांडा पुढे ढकलला. दांडा मध्येच अडकला.

ना पाणी, ना शिडी. लिंबाजीच्या पायाखालचा बांबू फुटला तसा त्याने झेप घेतली आणि शिडीची शेवटची पायरी धरली. ती लोखंडाची होती आणि जाळावर तापली होती. भाकर टाकली असती तर भाजून निघाली असती.

"माजी शिडी आना! आरं नागनाथ, माजी शिडी!"

"काय ॲक्टिंग करायलाय गडी," माझ्या शेजारचा म्हणाला. मी हसलो. होय, मीही हसलो. बँडवाल्यांना इशारा मिळाला होता, त्यांनी बँड सुरू केला. बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत मोठ्याने टाळ्या चतुराबाई वाजवत होती.

नागनाथ तेवढा हसला नाही. वीस वर्षांत लिंबाजी वर असताना कधी ओरडला नव्हता. नागनाथ कमानीकडे पळाला, हमाल त्याच्या मागोमाग.

पोलीस आडवा आला. "कमान हलवू नको. साहेबांना खालून जायचंय."

"जाऊ दे की. मानूस वर मरायलाय!"

"खेळ हाय त्यो, येड्या."

नागनाथने पोलिसाला ढकललं आणि दोऱ्या तोडल्या. कमान पडली. मंत्र्यांचं नाव चाकाखाली आलं आणि शिडी त्याच्यावरून धडधडत मैदानात शिरली, डहाळ्यांसकट, झेंडूसकट. लोकांना वाटलं, हाच शेवटचा प्रवेश. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सागवानी शिडी पायाला लागली तसा लिंबाजी उतरला. एकेक पायरी, कोपरांनी धरत. तळहातांची कातडी वर लोखंडी पायरीलाच राहिली होती. खाली आल्यावर त्याने हात पुढे धरून बघितले आणि नागनाथला म्हणाला, "पाणी टाक रं."

पाणी कुठलं? गाडीच्या टाकीत होतं, पण दांडा अजून मध्येच होता. नागनाथने मंत्र्यांच्या टेबलावरचा तांब्या आणला.

कागदोपत्री प्रात्यक्षिक यशस्वी झालं. नागनाथला घरी बसवलं, कारण मंत्र्यांच्या नावाची विटंबना. लिंबाजीचा पंधरा दिवसांनी सत्कार केला, उत्कृष्ट अभिनयाबद्दल. आबासाहेबांनी त्याच्या अंगावर शाल घातली आणि बँडेजच्या दोन बोळ्यांवर नारळ ठेवला. नारळ निसटून स्टेजवरून गडगडत गेला. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत चतुराबाई होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि ते शेवटपर्यंत बाहेर काढले नाहीत.

बोटं वाकडीच राहिली. त्यापायी नोकरीही गेली. गाडीची शिडी त्यानंतर कधी उठली नाही. तिच्यावर नगरपालिकेचे शिपाई गोधड्या वाळवायचे. पण पाणी ती चांगलं वाटायची. उन्हाळा लागला की सर्वसेवा भोंगा वाजवत लिंबाजीच्या गल्लीत यायची आणि बायका हंडे घेऊन धावायच्या.

चतुराबाईही हंडा घेऊन निघायची. रांगेसमोरून, गाडीसमोरून सरळ पुढे जायची आणि अर्ध्या कोसावरच्या आडाचं पाणी शेंदून आणायची.

लिंबाजी दारात बसलेला असायचा. ती आली की उठायचा, आणि तिच्या डोक्यावरचा हंडा दोन मनगटांत धरून, थेंब न सांडता, खाली उतरवायचा.