खळ लावलेलं कापड

२०२२ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. माझा राग अजून गेलेला नाही.

माझा धाकटा भाऊ केवळराम. त्याची मुलगी डिंपल तेव्हा बंगलोरच्या एका प्रयोगशाळेत होती. फार उंचावर विमानांवर न्यूट्रॉनचा मारा होतो, तो अडवायला कोणतं साहित्य निवडावं, हे तिचं काम. शिसं का नको, हे तिने मला अंगणात गोट्या मांडून दाखवलं होतं. दगडावर आपटलेली गोटी तशीच उसळते, दुसऱ्या गोटीवर आपटली की थबकते. हायड्रोजन ही न्यूट्रॉनच्याच वजनाची गोटी, आणि प्लास्टिकात तो भरपूर. म्हणून चार वर्षं खपून तिने प्लास्टिकचं सूत निवडलं, थबकलेले न्यूट्रॉन गिळायला त्यात बोरॉन घातलेलं. चाचणीच्या सहाच मीटर कापडासाठी गिरणी तयार होईना, तेव्हा ते सूत मोहाडीला, आमच्या हातमागावर आलं.

खळ लावू नका, असं तिने बापाला दहादा बजावलं. खळीने वजन वाढतं, आणि विमानात ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो.

आमच्या बाबांच्या काळी सकाळी सगळी गल्ली तांदळाच्या खळीने घमघमायची. केवळरामचा हात त्यातच घडलेला. मी दोन दिवस कारध्याला लग्नाला गेले, परतले तर मागावरचा ताणा, सगळे उभे धागे, खळीने कडक.

"धागे तुटून राहिले होते," तो म्हणाला. "खळ नाही त कापड कायचं? धुऊन देतो ना."

धुतलं नाहीच. तसंच पाठवलं.

वजन सातव्या हिश्शाने जास्त भरलं. डिंपलचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच सुताच्या कांड्या भरत होते.

"आपण काही नाही लावलं बेटा," केवळराम म्हणाला. "सूतच जड असन."

मी गप्प बसले. तीन दिवस. चौथ्या दिवशी न राहवून मीच फोन करून खरं सांगितलं. तोवर सुताच्या वजनाचा भरवसा नाही, असं तिने प्रयोगशाळेत सही करून लिहून दिलं होतं.

ती म्हणाली, "आत्या, तू तरी कायले थांबली?"

तिने तुकडा कोमट पाण्यात धुतला. वजन बरोबर भरलं. पण विमानासाठी जुन्या जाड प्लास्टिकच्या पाट्या ठरून गेल्या होत्या, आणि तिच्याच सहीवर. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तो कागद पुन्हा उघडला नाही.

दोन वर्षांनी तेच सूत गिरणीत विणून निवडलं गेलं. कागदावर तिचं नाव नाही. ती आता नागपूरच्या कॉलेजात शिकवते, बापाशी हसून बोलते, माझ्याशी मोजकं. केवळराम आल्यागेल्याला सांगतो, माझं कापड विमानात जाता जाता राहिलं. अजून खळ लावतो. मी मागावर बसणं सोडलं. हात चांगले आहेत, पण त्याच्या शेजारी बसवत नाही.