टोपली भरली तेव्हा

मित्रांनो, सुताराची बायको वारल्याचं घरात कळलं त्या सकाळी माझ्यात एकच पेरू होता. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात जाताना तिनेच तो नवऱ्यासाठी ठेवला होता. फोन ऐकून सुतार खुर्चीत बसला आणि त्या पेरूकडे बघत राहिला.

मी एक जुनी वेताची टोपली आहे. वेत होते तेव्हा पाण्याकाठी वाऱ्यावर डोलायचे, ते दिवस स्वप्नासारखे आठवतात. मग एका म्हातारीनं मला भिजवून, वाकवून विणलं. सुताराच्या बायकोनं मला बाजारातून आणलं आणि खिडकीपाशी जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ऊन माझ्या विणीतून खाली सांडायचं. फळांच्या वासात मी दुपारभर पेंगायचे.

सुताराला मधुमेह. म्हणून ती माझ्यात त्या दिवसापुरतंच फळ ठेवायची. बाकीची फळं कपाटात, कुलपाआड.

"अगं, द्राक्षं आणलीस ना? वास येतोय."

"आणली. पण माकडाच्या हाती कोलीत आणि तुमच्या हाती द्राक्षांचा घड, दोन्ही सारखंच!"

"मग माकडाला थोडी तरी दे."

ती हसत थोडी द्यायची.

ती गेल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. सुतार गोड खात नाही हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून जो तो फळंच घेऊन आला. केळी, चिकू, द्राक्षं. मी इतकी भरले की माझी वीण करकरली. "काय सुरेख टोपली आहे!" असंही कुणी म्हणालं.

सुताराला साधा गॅससुद्धा नीट पेटवता येत नव्हता. भूक लागली की तो माझ्यात हात घालायचा.

"काका, जेवलात का?" शेजारीण दारातून विचारायची.

"फळं खाल्ली की. साखर थोडीच खातोय?"

हळूहळू त्याला सारखी तहान लागू लागली. रंधा मांडीवर घेऊन तो बसल्या जागी झोपायचा. दुःखानं थकला असेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

मग त्याची मुलगी परगावाहून आली. तिनं त्याचं बोट टोचून रक्त तपासलं आणि भलताच वाढलेला आकडा त्याच्यापुढे धरला.

"बाबा, काय खाताय तुम्ही?"

"अगं, फळंच तर."

तिनं लगेच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. औषध ठरवून दिलं आणि म्हणाल्या, "काका, फळातही साखर असते. फळं बंद करू नका, पण जेवणाच्या जागी फळं नकोत. एका वेळी एखादं लहान फळ, तेही चावून. रस नको. केळी, चिकू, द्राक्षं जरा हात राखून. आणि रक्त तपासत राहा, प्रत्येकाला वेगळं मानवतं."

सुतार खाली बघत म्हणाला, "ती द्यायची. किती खायचं ते मला कधी विचारावंच लागलं नाही."

मुलीनं उरलेली फळं शेजारीपाजारी वाटली. मी हलकी झाले.

मित्रांनो, दुःखाच्या घरी फळं जरूर न्या. पण टोपलीत ठेवून लगेच उठू नका. त्या माणसाबरोबर बसून चार घास खा.

मुलगी आपल्या घरी परतली आहे. सध्या शेजारीण डबा देते. सुताराचं स्वतःपुरतं रांधायला शिकायचं अजून राहिलं आहे.