करकोच्यांनंतरची भांग

"अगं तेक्ला, करकोचे आफ्रिकेत पोचलेसुद्धा असतील, आणि तुझी भांग अजून हिरवीगार!" कुंपणावर रेलत शेजारची लिओंतीना म्हणाली.

"बियाणं थकलंय गं. माझ्यासारखंच."

लात्वियातल्या त्या तळ्याकाठी भांग कुणाला चढत नाही. तिचे दाणे भाजायचे, मीठ घालून कुटायचे आणि काळ्या पावाला जाडजूड फासायचे. उन्हाळा तिथे घाईतल्या पाहुण्यासारखा, टेकला न टेकला तोच निघाला. म्हणून करकोच्यांच्या जाण्याआधी पिकणारं बियाणं म्हणजे घरचं सोनं. तेक्लाच्या वडिलांनी ते जन्मभर निवडून सिद्ध केलं होतं. जे झाड आधी पिकेल त्याचंच बी राखायचं.

"थकलंबिकलं काही नाही," लिओंतीना तोंडाची फटकळच. "तुझा दोनात आयर्लंडला गेल्यापासून तू विळा धरतेस कधी? लेकाला सुट्टी मिळेल तेव्हा! तोवर लवकर पिकलेले दाणे पाखरं खातात, नाहीतर गळून जातात. मग मागं राहिलेल्या उशीरवाल्यांचं बी तू पेरतेस. वर्षानुवर्षं तेच. भांगेलासुद्धा वाट बघायला शिकवलंस की, बाई!"

"जा तू घरी. गाय हंबरतेय तुझी."

"जाते. पण आज रात्री दव गोठणार, सांगून ठेवते."

खरं बोलणाऱ्याचा राग जास्तच येतो. तेक्ला तणतणत बटाटे काढायला गेली. गेल्या साली तिथेच भांग होती. बांधाला, नांगर न पोचलेल्या जागी, कुणी न पेरलेली चारदोन झाडं उभी होती. गळून गेलेल्या दाण्यांचीच ती. कणसं करडी, भरलेली, आणि त्यांवर चिमण्यांची पंगत बसलेली. वडिलांची भांग अशीच दिसायची.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, यंदा ऑक्टोबरशिवाय सुट्टी नाही गं," दोनात म्हणाला. "पण भांग कापू नकोस हं. मी आलो की दोघं मिळून कापू."

मागच्या वर्षीही तो हेच म्हणाला होता, आणि आला नव्हता. तरी 'दोघं मिळून' ऐकलं की तिला बरं वाटे.

"बरं रे बाळा. ठेवते."

फोन खिशात टाकून तिनं विळा आणला, चिमण्यांना हुसकावलं आणि बांधावरची झाडं कापली. डोक्याचा रुमाल सोडून कणसं त्यात बांधली आणि बोडक्या डोक्यानं, गारठत घरी आली. त्यातला एकही दाणा तिनं भाजायला घेतला नाही.

सकाळी सगळं वावर पांढरं पडलं होतं. वाटेनं जाताना लिओंतीना थबकली. या वेळी तिचा आवाज मऊ होता.

"ही गोठलेली भांग काढून टाक आता. काय पिकणार आहे यात?"

"राहू दे गं," तेक्ला म्हणाली. "दोनात आला, तर त्याला कापायला काहीतरी हवं."