पहिला बहर

मास्तरीणबाईंनी नखांच्या चिमटीत फूल धरलं आणि देठासकट खुडलं. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका. ते मांडीवरच्या वाटीत टाकून त्यांनी स्टूल पुढच्या रोपाकडे सरकवलं. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. मनगटावरचं घड्याळ घसरत कोपरापर्यंत गेलं होतं, ते त्यांनी खाली ओढलं.

चहाचे कप घेऊन गॅलरीच्या दारात उभा असलेला त्यांचा नवरा वाटीकडे बघत राहिला.

"बघताय काय? द्या इकडे कप."

"सगळी खुडलीस?"

"मग? दयामाया नाही दाखवायची. रोपवाल्यानं काय सांगितलं होतं?"

रोपवाल्यानं खरंच तसं सांगितलं होतं. थंडीच्या तोंडावर दोघं रोपं आणायला गेले, तेव्हा स्ट्रॉबेरी कशी लावतात याचा दोघांनाही गंध नव्हता. शाळा सुटून वर्षं झाली तरी मास्तरीणबाईंची शिकवणी सुटली नव्हती. त्यांनी त्या बिचाऱ्या माणसाची उभ्या उभ्या तोंडी परीक्षाच घेतली. मधला कोंब मातीत पुरायचा नाही, कुजतो. पाणी सकाळी आणि मुळाशी घालायचं, पानांवर नाही. आणि पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाकायची, म्हणजे मुळं जोर धरतात. फळं पुढच्या वर्षी. नवऱ्यानं घरात पडलेल्या जाड पाइपला वरून भोकं पाडली, खालून पाणी निघायला बारीक छिद्रं ठेवली आणि तो आडवा कठड्याला स्क्रूनं आवळून दिला. जन्मभर लोकांची गळती बंद करणाऱ्या या प्लंबरला आपल्या पाइपातून पाणी ठिबकताना बघून भारी गंमत वाटली होती.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी मास्तरीणबाईंना वजन करायला आतल्या खोलीत पाठवलं आणि दार लोटून त्याला हळू आवाजात सांगितलं, "पुढचा हिवाळा धरून चालू नका."

मुलीला त्यानं फोनवर सगळं सांगितलं. आईला कळू देऊ नका, असं तीही रडत रडत म्हणाली. बायकोला त्यानं सांगितलं की अशक्तपणा आहे, औषध बदललंय, उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत होशील. त्याला कधी धड खोटं बोलता यायचं नाही. हे मात्र जमलं, आणि जमलं याचंच त्याला वाईट वाटत राहिलं.

अडलं ते फुलांपाशी. तिनं स्वतः लावलेल्या रोपाचं एक तरी फळ तिच्या तोंडात पडावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. बाजारातून आणलेली स्ट्रॉबेरी तिनं अर्धी खाऊन बशीत ठेवली होती. "आपली येऊ देत की पुढच्या वर्षी," म्हणाली. एखादं फूल राहू दे, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्या एका वाक्यात बाकीचं सगळं आलं असतं. म्हणून त्यानं चोरवाटा काढल्या. कधी पाइपच्या टोकाचं एक फूल भिंतीकडे पानाआड वळवून ठेवलं, कधी "आज मी बघतो सगळं, तू पडून राहा" म्हणाला. पण कॉपी करणारी पोरं पकडण्यात जिचा जन्म गेला, तिच्यापुढे त्याची काय मात्रा चालणार? भिंतीकडचं फूलही तिला सापडलं. "हे बरं सुटलं!" म्हणत तिनं तेही वाटीत टाकलं. तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसताच उभा राहिला.

मग एका सकाळी मास्तरीणबाईंना उठवेना. त्यानं दंडाला धरून त्यांना गॅलरीत आणलं, स्टुलावर बसवलं. कडेच्या रोपात पानाखाली एक फूल उमललं होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं, पण खुडलं नाही.

"अहो."

"हं."

"हे खुडू ना?"

आजवर एकाही फुलाचं त्यांनी विचारलं नव्हतं. त्या फुलाकडे बघतही नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. ‘खुड’ म्हटलं की झालं असतं. तो पाइप कठड्याला धरून ठेवणारा स्क्रू चाचपायला लागला. स्क्रू घट्टच होता. तरी तो बोटांनी पिळत राहिला.

उत्तर न येणाऱ्या मुलाला त्या वर्गात द्यायच्या तेवढा वेळ त्यांनी त्याला दिला. मग चिमूट सोडली.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्याला हुंदका आवरेना. "अगं, मी तुला..."

"असू द्या." त्यांनी रिकामी वाटी बाजूला ठेवली. मग झारी उचलायला गेल्या, ती उचलेना, तेव्हा पायानंच त्याच्याकडे सरकवली.

"पिकायला महिना लागतो म्हणाला होता तो रोपवाला. तेवढं बघू. फळ धरलं की खाली पेंढा घाला, नाहीतर ओल्या मातीला टेकून सडेल. आणि रोपाला लांब दोरे सुटतील, त्यांच्या टोकाला नवी रोपं येतात. ती पुढच्या वर्षी तुम्हालाच लावायचीत. कोंब?"

"वर ठेवायचा."

"हं. घाला पाणी."

त्यानं झारी कलती केली. पाणी पानांवर सांडलं.

"पानांवर नाही," त्या म्हणाल्या. "मुळाशी. पुन्हा घाला."